गवसणीचं माप

कॅलगरी, कॅनडा,
११ जानेवारी

तीर्थरूप आबा आणि आई यांना साष्टांग नमस्कार.

आई, परवा फोनवर तू विचारलंस, "कव्हर बँड म्हणजे रे काय? कसली कव्हरं शिवता तुम्ही?" मागं आबा हसलेले ऐकू आले. मग आबांना बागेत फवारणीला जायचं होतं म्हणून फोन ठेवला. तेव्हापासून ते डोक्यात आहे. फोनवर हे नीट सांगता येत नाही. आज सुट्टी आहे, बाहेर उणे २७ आहे, म्हणून लिहायला बसलोय. माझ्याबरोबर काम करणारा कुपवाडचा एकजण बुधवारी सुट्टीवर येतोय, त्याच्याकडं हे पत्र देतो. तीन आठवड्यांनी तो परत निघेल, तेव्हा त्याच्याबरोबर मला एक वस्तू हवी आहे. ती कोणती ते शेवटी सांगतो.

कव्हर बँड म्हणजे आपल्याकडचा ऑर्केस्ट्राच. जत्रेत रात्री स्टेजवर जुन्या सिनेमातली गाणी व्हायची, लोक शिट्ट्या मारायचे, तेच. फक्त इथं गाणी साठ-सत्तरच्या दशकातली इंग्रजी रॉकची. आम्ही पाचजण, त्यात मी चार तारांची बेस गिटार वाजवतो. ड्रमवाला सत्तरीचा, आयुष्यभर ट्रक चालवलेला. गाणारी शाळेत शिकवते. महिन्यातून दोन-तीनदा निवृत्त सैनिकांच्या क्लबात किंवा कुणाच्या लग्नात वाजवतो. प्रत्येकी ८० डॉलर आणि जेवण. पेट्रोल आणि तारा यांतच ते जातात, हे आबांना आधीच सांगून टाकतो.

आबा, तुम्ही मागं म्हणाला होतात, "दुसऱ्याचीच गाणी वाजवायची, मग त्यात तुझं काय?" तेव्हा गप्प बसलो, आता बोलतो. रागावू नका. तुम्ही चाळीस वर्षं दर एकादशीला देवळात पखवाज घेऊन बसता. त्यातला एक तरी अभंग तुमचा आहे का? सगळे संतांचे, चालीसुद्धा जुन्याच. उद्या तुम्ही चाल बदलली तर पहिल्यांदा शेजारचा टाळकरीच तुमच्याकडं बघेल. इथंही तसंच. लोकांना ते गाणं पाठ असतं, मध्ये जागा कुठं आहे तेही ठाऊक असतं. त्या जागेवर बोट चुकलं की पुढच्या टेबलावरची म्हातारी मान वर करते.

आणि माझ्या बेसला चारच तारा, हे म्हणाल, तर माझं काम म्हणजे पखवाजाचं डावं तोंड. ज्याला तुम्ही कणीक लावता ते. मी लहान असताना ती कणीक मळून द्यायचं काम माझं होतं, आठवतंय? घट्ट झाली तर तुम्ही परत द्यायचा, सैल झाली तरीही. ती लावल्याशिवाय "धूम" खाली उतरत नाही. बेसची जाडी तार मोकळी छेडली की सेकंदाला साधारण ४१ वेळा हलते. एवढ्या खालचं कानापेक्षा पोटात आणि पायाखालच्या फळीत जास्त कळतं. पूर्वी हे काम माणसाएवढ्या उभ्या बेसवर करायचे, त्याला सतारीसारखे पडदे नसायचे, सूर अंदाजानं धरायचा. १९५१ मध्ये अमेरिकेत लिओ फेंडरनं पडदे बसवलेली, गळ्यात अडकवायची विजेवरची बेस गिटार बाजारात आणली आणि पडद्यांमुळं सूर नेमका लागतो म्हणून तिचं नावच 'प्रिसिजन' ठेवलं. माझी त्याच घडणीची आहे, दुसऱ्या कंपनीची, सेकंडहँड.

डावं तोंड वाजतंय तोवर त्याच्याकडं कुणी लक्ष देत नाही. ऑक्टोबरमध्ये एका लग्नात मध्येच माझा आवाज फाटायला लागला आणि मग बंदच पडला. गाणं चालू, ड्रम चालू, गाणारी गातेय. नाचणाऱ्यांना काय झालं ते कळलं नाही, पण पाय ढिले पडले. दोन-चारजण पाणी प्यायला निघाले. म्हाताऱ्यानं ड्रमवरून माझ्याकडं जे बघितलं ते तुमचंच बघणं होतं, आबा. कारण काय, तर ९ व्होल्टची बॅटरी. माझ्या बेसच्या पोटात छोटं सर्किट आहे आणि वायर खोचली की ते चालू होतं. मी सरावानंतर आठवडाभर वायर तशीच खोचून ठेवली होती. वाजवलं काहीच नाही, बॅटरी मात्र संपली. आता वाजवून झालं की पहिल्यांदा वायर उपटतो आणि पिशवीत जादा बॅटरी ठेवतो.

पण खरी फजिती डिसेंबरातली. क्लबात पोचलो तेव्हा बाहेर उणे २५. बेस तासभर गाडीच्या मागच्या भागात पडलेली. आत हीटर, लोकांची गर्दी. उशीर झाला होता म्हणून पिशवी लगेच उघडली. बघता बघता बेसवर दव धरलं! तारा ओल्या, मागचं पॉलिश पांढुरकं. फडक्यानं पुसलं, सुरात लावली आणि वाजवायला लागलो. दुसऱ्या गाण्यापर्यंत तारा तापल्या. तापल्या की सैल पडतात, सूर खाली घसरतो. मी एकटा सगळ्यांच्या खाली, आणि बेस खाली गेली की लोकांना वाटतं बाकीचेच वर चढलेत. गाणारी बिचारी स्वतःचा गळा तपासत होती.

सांगायला लाज वाटते, कारण मी तासगावच्या कोल्ड स्टोरेजला चार वर्षं काम केलंय. थंडीतनं काढलेले बेदाण्याचे बॉक्स लगेच उघडू नका, आधी बाहेरच्या हवेला येऊ द्या, नाहीतर माल घाम धरेल, हे मीच हमालांना ओरडून सांगायचो. इथंही पोटापाण्याचं काम फ्रीजरचंच. पण स्वतःच्या वाद्याच्या वेळी डोकं चाललं नाही. आता हॉलवर अर्धा-पाऊण तास आधी जातो, पिशवी भिंतीला टेकवून ठेवतो आणि तोवर बाकीच्यांचे स्पीकर उचलू लागतो.

इथला दुसरा त्रास ऐकून तुम्हाला हसू येईल: हवा फार कोरडी. तुम्ही बेदाणा वाळवताना ज्या हवेची वाट बघता तशी, पण घराच्या आत आणि सहा महिने. दिवसरात्र हीटर चालतो, त्यानं लाकूड आक्रसतं. आपल्याकडं पावसाळ्यात दार फुगून अडकतं, त्याच्या उलट. नोव्हेंबरात बेसच्या मानेवरून हात फिरवला तर कडेला काहीतरी टोचलं. लाकूड आत गेलं होतं, धातूचे पडदे तेवढेच राहिले होते, त्यांची टोकं बाहेर आली होती. आठवड्यानं जाड्या तारेवर झणझण सुरू झाली. मिरजेत तंबोऱ्याची जवारी काढणारा कारागीर घोडी घासून, तारेखाली दोरा सरकवून ज्या झणझणीसाठी दिवस घालवतो, ती माझ्या बेसवर फुकट आली आणि इथं तिला दोष म्हणतात! आमच्या गिटारवाल्याला हे सांगितलं तेव्हा तो बघतच राहिला. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं हेही त्याला ऐकवलं. आता तो सुट्टीत मिरजेला येणार म्हणतोय.

झणझणीचं कारण मानेत होतं. बेसच्या मानेत आतून लोखंडी सळई असते, ती तारांच्या ओढीला सांभाळते. मान अगदी सपाटही नको, पुढच्या बाजूला केसभर बाक हवा. तपासायची रीत सोपी आहे. तार पहिल्या पडद्यावर एका हातानं दाबायची, दुसऱ्या हातानं जिथं मान अंगाला मिळते तिथं दाबायची आणि मध्ये सातव्या-आठव्या पडद्यापाशी बघायचं. तार आणि पडद्यामध्ये व्हिजिटिंग कार्ड जाईल एवढी फट दिसायला हवी. माझ्याकडं फटच नव्हती. ॲलन की घालून सळई पाव फेरा सैल केली आणि बेस ठेवून दिली. मन म्हणत होतं अजून पाव फेरा दे, आजच मोकळं होऊ. पण दिली नाही. दुसऱ्या दिवशी बघितलं तर फट आपोआप आली होती.

थांबलो ते तुमच्यामुळं. २०१९ च्या महापुरात तुमचा पखवाज सांगलीला मामाकडं होता. आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं आणि मामाच्या माडीवरसुद्धा ते शिरलं. पाणी ओसरल्यावर पखवाज आणला तेव्हा तोंडावरच्या कातडी पुड्या कुजून लोंबत होत्या, त्या ताणणाऱ्या चामड्याच्या वाद्यांना वास येत होता. मी लाकडी खोड उचलून उन्हात ठेवायला निघालो होतो. तुम्ही हातातनं काढून घेतलंत. पडवीत, सावलीत, विटांवर आडवं ठेवलंत आणि रोज सकाळी थोडं फिरवायचात. दोन महिने! मला तेव्हा वाटायचं, एवढ्यात नवा आला असता. खोडाला एक चीर गेली नाही. नव्या पुड्या चढवून कार्तिकीला तोच वाजवलात.

आता मी एका साबणाच्या डबीला भोकं पाडून आत ओला स्पंज ठेवतो आणि ती डबी बेसच्या पिशवीत टाकतो. दहा-पंधरा डॉलरला यासाठी तयार वस्तू मिळते, पण डबी तेच काम करते. ओलावा मोजायचं घड्याळासारखं यंत्र भिंतीला लावलंय. काटा चाळीस टक्क्यांच्या खाली उतरला की स्पंज भिजवायचा. वाजवून झालं की तारा कोरड्या फडक्यानं पुसतो, खालूनसुद्धा. घामानंच त्या मरतात. बेसच्या तारा महाग, म्हणून लोक जुन्या तारा पाण्यात उकळून परत चढवतात. मीही उकळल्या. घरभर बस डेपोसारखा वास सुटला, पण आवाज दोन आठवडे चकचकीत झाला.

आबा, एक गंमत तुमच्या कानासाठी. देवळातल्या ॲम्प्लिफायरला जी गुरगुर येते ती आपल्या लाइनची, ५० हर्ट्झची. इथली लाइन ६० ची. तिकडची गुरगुर षड्ज धरली तर इथली बरोबर कोमल गंधार लागते. आणि त्यावरनं आठवलं: देवळातला माइक ओठाला झटका देतो म्हणून बुवा त्याला फडकं गुंडाळतात, ते हसण्यावारी नेऊ नका. कुणीतरी प्लगची तिसरी पिन काढून टाकलेली असणार. फडक्यानं मूळ दोष जात नाही. एकादशीच्या आधी वायरमनला बोलावून अर्थिंग करून घ्या. पैसे मी पाठवतो, मंडळाला सांगू नका.

आई, कानाची काळजी करू नकोस, बोळे घालतो. बेस चार किलोची आहे, खांदा दुखायचा, आता रुंद पट्टा घेतलाय.

आणि आता ती वस्तू. कव्हरं आम्ही शिवत नाही, पण तू शिवतेस. मला बेसला गवसणी हवी, देवळातल्या वीणेला शिवलीस तशी. माझ्या पिशवीचं अस्तर पातळ आहे, थंडी लगेच आत शिरते. गोधडीसारखी तीन-चार पदरी गवसणी आत असली तर बेस हळूहळू थंड होईल आणि हळूहळू गरम. सुती जुनेरंच घे. लांबी ४८ इंच. खाली रुंदी १५ इंच, वर तोंडापाशी ८ पुरे. जाडी अडीच इंच धर. कागदावर आकार काढून सोबत पाठवतोय, बेसच्या अंगाची वरची शिंगं दोन्हीकडं सारखी नाहीत ते बघ. चेन लावू नकोस, तिचे दात पॉलिशला घासतात. नाडी लाव. आणि आतल्या बाजूला एक छोटा खिसा दे, साबणाची डबी मावेल एवढा.

द्राक्षांवर दावण्या रोग आला नाही ना यंदा? माल कधी उतरवणार ते कळवा. तायडीला आशीर्वाद.

तुमचा,
बाळू