नॅव्हिगेटरचं नाव कुठे आहे?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतला आपल्या हवाई दलाच्या कॅनबेरा या बॉम्बर विमानांच्या स्क्वाड्रनवरचा पानभर लेख मी दोनदा वाचला. पहिल्यांदा वाचताना माझ्याच नजरेतून काही सुटलं असेल असं वाटलं, म्हणून चष्मा पुसून पुन्हा बसले. काहीही सुटलं नव्हतं. गोव्यातल्या दाबोळीपासून पाकिस्तानातल्या बदीनपर्यंत सगळी नावं वैमानिकांची. कॅनबेरात दोन माणसं बसत, ही गोष्ट अख्ख्या पानात एकदाही आलेली नाही.

माझे यजमान त्यातले दुसरे. नॅव्हिगेटर, म्हणजे विमानाला वाट दाखवणारे. ते असते तर त्यांनी मला हे पत्र लिहू दिलं नसतं. आता ते नाहीत, म्हणून लिहिते आहे.

लेखकाने मेहनत घेतली आहे, हे मान्य. विंग कमांडर मेनन, विंग कमांडर सुरिंदर सिंग, बदीनच्या रडारवरच्या हल्ल्यासाठी महावीर चक्र मिळालेले विंग कमांडर पीटर विल्सन, ही नावं आजच्या मुलांना कळलीच पाहिजेत. पण '१८ डिसेंबर १९६१ रोजी दाबोळी विमानतळ बेचिराख केला' हे वाक्य मला खटकलं. बेचिराख कुठे केला? मेनन यांच्या बारा कॅनबेरांनी ६३ हजार पौंडांचे बॉम्ब टाकले ते धावपट्टीवर. टर्मिनलची इमारत आणि विमानतळाच्या बाकीच्या सोयींना धक्का लागता कामा नये, असा हुकूमच होता. मागून सुरिंदर सिंग यांची आठ विमानं गेली, त्यांनीही तो पाळला. तिथे उभी असलेली दोन प्रवासी विमानं शाबूत राहिली आणि पोर्तुगीजांनी त्याच रात्री धावपट्टी घाईघाईने डागडुजी करून त्यांतून आपली माणसं बाहेर काढली.

आता मला सांगा, शेजारची इमारत सोडून नेमक्या धावपट्टीवर बॉम्ब पडतात ते कुणामुळे? वैमानिक विमान सरळ धरून ठेवतो. विमानाच्या नाकातल्या काचेपाशी पोटावर पालथा पडून, खाली बघत, बॉम्ब कधी सोडायचा हे ठरवतो तो नॅव्हिगेटर. गोवा मुक्तीच्या वेळी आमचे हे अजून शिकत होते. पण तिथे जाऊन आलेल्या वरिष्ठांकडून त्यांनी हे इतक्यांदा ऐकलं होतं की, आमच्या घरी डिसेंबर महिना आला की दाबोळीचा विषय निघायचाच. ते सांगत, 'दोन-तीन सेकंद चुकलो असतो तर आज गोव्याला जाणारे उतरले असते कुठे?'

पासष्टच्या युद्धात तर हे लोक रात्रीचे जात. खाली ब्लॅकआउट, वर काळोख आणि हातात नकाशा, घड्याळ, पेन्सिल. आमच्या घरी पेन्सिलींना दोन्ही टोकांनी अणी काढलेली असायची. एक टोक मोडलं तर अंधारात दुसरी पेन्सिल शोधत बसायला नको म्हणून. निवृत्तीनंतर वाण्याची यादीसुद्धा ते तसल्याच पेन्सिलीने लिहीत.

लेखात लिहायला हवी होती ती खरी गोष्ट पुढे आहे. आपल्या हवाई दलाने १९५७ साली मागवलेल्या बी(आय)-५८ या बॉम्बर कॅनबेरात इजेक्शन सीट, म्हणजे संकटात माणसाला विमानाबाहेर फेकणारी खुर्ची, एकच होती, वैमानिकाची. नॅव्हिगेटरला नव्हती. विमान पेटलं तर त्याने पॅराशूट अडकवायचं, दारापर्यंत सरपटत जायचं, दार उघडायचं आणि उडी टाकायची. जमिनीलगत उडणाऱ्या, वेगाने खाली येणाऱ्या विमानात! लग्न झालं तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं. यांनी सांगितलं नाही. क्वार्टर्समध्ये एका अधिकाऱ्याच्या बायकोने सांगितलं. त्या रात्री मी विचारलं तर म्हणाले, 'दार आहे ना.' आणि जेवायला बसले.

म्हणूनच तुमच्या लेखातला सप्टेंबर १९६५ चा तो परिच्छेद वाचून माझा संताप झाला. पाकिस्तानच्या स्टारफायटर या लढाऊ विमानाने रात्री आपलं एक कॅनबेरा पाडलं. फ्लाइट लेफ्टनंट मनमोहन लोवे बाहेर फेकले गेले, पकडले गेले, युद्धकैदी झाले. हे सगळं तुम्ही छापलंत आणि ते योग्यच आहे, त्यांनी जे भोगलं ते थोडं नव्हतं. पण त्याच विमानात फ्लाइंग ऑफिसर कपूर होते, त्यांचे नॅव्हिगेटर. ते वाचले नाहीत. विमानाबरोबर गेलेल्या माणसासाठी तुमच्याकडे एक ओळ नव्हती?

काही वर्षांपूर्वी इथल्याच एका संस्थेने माजी सैनिकांचा सत्कार ठेवला होता. आमंत्रण होतं म्हणून आम्ही दोघं गेलो. सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीने यांची ओळख 'पायलटसाहेबांसोबत विमानात जाणारे' अशी करून दिली. शाल-श्रीफळ वैमानिकांना आणि यांच्या हातात नुसता गुलाब. संयोजकांना मी विचारलं तर ते म्हणाले, 'काकू, यादी पायलट्सचीच आली होती.' हे गप्प राहिले, घरी येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. ती यादी कुठून येते, हे मला काल तुमचं पान वाचून कळलं. वर्तमानपत्रात जे छापून येतं, त्याच्याच याद्या होतात.

आणखी एक. लेखाखाली 'कॅनबेरा' म्हणून जो फोटो छापला आहे तो हंटर या लढाऊ विमानाचा आहे. कॅनबेराची दोन इंजिनं दोन पंखांवर असतात, हंटरचं एकच आणि तेही पोटात. लोहगावात, हवाई तळाशेजारी वाढलेल्या कुठल्याही मुलाला विचारलं असतं तरी त्याने सांगितलं असतं. हंटर गोव्यात होती, बांबोळीचं वायरलेस केंद्र त्यांनीच उडवलं, पण तो लेख वेगळा. ५० वर्षं सेवा करून २००७ साली आग्र्याहून निरोप घेतलेल्या विमानाचा एक खरा फोटो तुमच्या कचेरीत मिळू नये?

पुढच्या रविवारी एकाहत्तरचा भाग येणार, असं चौकटीत म्हटलं आहे. तो छपाईला जाण्याआधी लेखकाला परत बसवा आणि जिथे जिथे वैमानिकाचं नाव आहे, तिथे शेजारी त्याच्या नॅव्हिगेटरचं नाव लिहायला सांगा. जागा पुरत नसेल तर लेख अर्धा करा, फोटो काढून टाका, पण नावं गाळू नका. आणि फ्लाइंग ऑफिसर कपूर यांचा उल्लेख राहिल्याची दुरुस्ती त्याच पानावर, ठळक अक्षरांत छापा. माझं हे पत्र कापून चार ओळींचं करणार असाल तर निदान हा परिच्छेद तेवढा ठेवा.

कळावे,
एका नॅव्हिगेटरची पत्नी, पुणे