हे पत्र आईनंही वाचायचं आहे

पुणे, रविवार, २० जुलै २०२५

ती. बाबा आणि आई यांस,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर पैशाचा विषय निघाला आणि आईनं नेहमीसारखा फोन बाबांच्या हातात दिला. म्हणून हे पत्र लिहायला बसले. बाबा, तुमचं वाचून झालं की ते आईकडे द्या. तिला स्वतः वाचू दे, तुम्ही सांगू नका.

बाबा, बेळगावच्या उद्यमबागेतल्या भट्टीपुढं तुम्ही ३४ वर्षं काढलीत. त्याचे पीएफचे पावणेसव्वीस लाख आणि ग्रॅच्युइटीचे सव्वासहा लाख, मिळून ३२ लाख ३ जुलैला खात्यावर आले. पेन्शन म्हणाल तर महिन्याला साडेचार हजार. म्हणजे इथून पुढं घर चालणार ते या ३२ लाखांवर, आणि ते कसं चालवायचं हे ठरवणारा वर कुणी साहेब नाही. तुम्ही म्हणालात, "सगळे शेअर बाजारात घालतो, बँकेत ठेवून नुसते कुजतात." त्या वेळी मी गप्प बसले. गप्प बसायला नको होतं.

तुमच्या बोलण्यातला अर्धा भाग खरा आहे, आणि तो आधी मान्य करते. आज घराला २२ हजार लागतात. महागाई वर्षाला सहा टक्क्यांनी वाढली तर बारा वर्षांनी त्याच घराला ४४ हजार लागतील. तेव्हा तुम्ही सत्तरीत असाल आणि आई पासष्टीच्या पुढं. पोस्टाचं व्याज तेवढंच राहणार. त्यामुळे काही पैसे शेअरमध्ये हवेतच, यावर आपलं एकमत आहे. माझी हरकत आहे ती 'सगळे' या शब्दाला.

एक गोष्ट तुम्हाला कधी सांगितली नव्हती. नोकरीला लागल्यावर २०१७ मध्ये मी म्युच्युअल फंडात महिन्याला पाच हजार टाकायला सुरुवात केली होती. २०२० च्या जानेवारीत सेन्सेक्स, म्हणजे बाजार किती वर-खाली झाला ते सांगणारा आकडा, ४२ हजारांवर होता. २३ मार्चला एका दिवसात तो १३ टक्क्यांनी पडला आणि २६ हजारांच्या खाली बंद झाला. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, नोकरी राहील की नाही ठाऊक नव्हतं, खोलीचं भाडं द्यायचं होतं. मी सगळं विकलं. नोव्हेंबरपर्यंत बाजार जुन्या जागेवर येऊन पुढंही गेला होता. माझं नुकसान बाजारानं केलं नाही, हाताशी दुसरा पैसा नव्हता म्हणून झालं. त्या रात्री मला तुमचं वाक्य आठवलं होतं. लहानपणी डबा घेऊन कारखान्यात आले की तुम्ही सांगायचात, धातूचा रस ओतल्यावर साचा लवकर फोडला तर कास्टिंगला तडा जातो, मग ते भंगारातच. मला साचा लवकर फोडावा लागला.

मी तिशीच्या आतली होते, पुन्हा कमावलं. तुमच्या वयाला हे कसं बसेल याचा विचार केला की पोटात गोळा येतो. २००८ च्या जानेवारीत सेन्सेक्स २१ हजारांवर गेला होता, ऑक्टोबरात आठ हजारांच्याही खाली आला. मधे एकदा वर येऊन पुन्हा घसरला, आणि तो २१ हजारांचा आकडा कायमचा मागं पडायला सहा वर्षं गेली. सहा वर्षं तांदूळ, गॅस, औषधं, येळ्ळूरच्या शेताची मजुरी थांबणार नव्हती. सगळे पैसे बाजारात असते तर पडलेल्या भावात दर महिन्याला थोडं थोडं विकावं लागलं असतं, आणि बाजार वर आला तेव्हा वर यायला आपल्याजवळ फारसं उरलंच नसतं.

म्हणून मी वहीत असं मांडलंय. आई, इथून पुढं नीट बघ.

२० लाख पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत. तुम्ही ५८ चे आहात, साठ पूर्ण नाहीत, पण निवृत्त झालेल्या माणसाला ५५ नंतरही ते खातं उघडता येतं. अट एवढीच की निवृत्तीचे पैसे हातात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत ते उघडलं पाहिजे. म्हणजे ऑक्टोबर उजाडायच्या आत. ही तारीख चुकली तर दोन वर्षं थांबावं लागेल, म्हणून पत्राची एवढी घाई. सध्या ८.२ टक्के व्याज आहे, पाच वर्षांसाठी. दर तीन महिन्यांनी ४१ हजार हातात येतात, महिन्याला साडेतेरा हजारांच्या थोडं वर. पेन्शन धरून १८ हजार झाले. चार हजार कमी पडतात, वर्षाचे ४८ हजार. त्यासाठी चार लाख बँकेत एफडीत, तुकड्यातुकड्यांनी. ते आठ वर्षं पुरतात. बाजार सहा वर्षं झोपला तरी आपल्याला त्याला उठवायला जायला नको.

सहा लाख निफ्टीच्या इंडेक्स फंडात, महिन्याला २५ हजार, दोन वर्षं. एकदम नाही. यात देशातल्या ५० मोठ्या कंपन्या आपोआप येतात, कुठली चालेल कुठली बुडेल हे ओळखत बसावं लागत नाही. त्याला दहा वर्षं हात लावायचा नाही.

आणि दोन लाख बाबांचे. बाबा, हे मी मनापासून लिहितेय. कारखान्यांना माल देणाऱ्या कंपन्या तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतात. ताळेबंद बघून, कर्ज किती आहे ते बघून तुम्ही शेअर घ्या. ते सगळे गेले तरी घराला धक्का नाही, एवढीच त्यांची मर्यादा.

फक्त शेअरच्या टिप्स देणाऱ्या त्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून बाहेर पडा, आजच. महिन्याला दहा टक्के 'खात्रीनं' असं कुठलाही नोंदणीकृत सल्लागार म्हणू शकत नाही, शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीच्या नियमात ते बसतच नाही. खऱ्या सल्लागाराचा नोंदणी क्रमांक सेबीच्या संकेतस्थळावर सापडतो, ग्रुप चालवणाऱ्या माणसाला तो विचारून बघा. आणि गल्लीतल्या पोरांसारखं ऑप्शनमध्ये, म्हणजे शेअरच्या पुढच्या भावावरच्या सौद्यांत, शिरायचं नाही. सेबीनंच सप्टेंबर २०२४ मध्ये हिशेब जाहीर केला होता. तीन वर्षांत फ्युचर आणि ऑप्शन खेळणाऱ्या १०० सामान्य माणसांपैकी ९३ जण तोट्यात, तोटा माणशी सरासरी दोन लाख. तुमचे दोन लाख त्यासाठी नाहीत.

क्रेडिट सोसायटीत ठेवा असं काका म्हणतील, तिथं एक-दीड टक्का जास्त मिळतो. आजोबांचे भाताचे पैसे एका सोसायटीत कसे अडकले ते आईला विचारा. शेवटपर्यंत ते पावती उशाखाली ठेवून झोपायचे. बँक बुडाली तर माणशी पाच लाखांपर्यंत विमा असतो, सहकारी बँकेलाही असतो. पतसंस्थेला आणि क्रेडिट सोसायटीला तो नाही. म्हणून एफडी असो की फंडात जायची वाट बघणारे पैसे, एका बँकेत व्याज धरून पाच लाखांच्या वर नकोत. तीन बँका करू.

आता आईचं. आई, गेल्या वर्षी बँकेत तू तीन ठिकाणी सह्या केल्यास आणि घरी येऊन मला विचारलंस, "कशावर केल्या गं?" फॉर्म कानडीत आणि इंग्रजीत होता. तू मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलीस, भिशी वीस वर्षं एका पैशाची चूक न करता चालवलीस, आणि स्वतःच्या घरच्या पैशाच्या कागदावर तू न वाचता सही करतेस. हे मला सहन होत नाही. दोष तुझा नाही, बाबांचाही नाही. पण यापुढं असं नको.

पोस्टाचं खातं दोघांच्या नावावर उघडता येतं. एफडी आणि फंडही दोघांच्या नावावर, दोघांपैकी कुणाचीही एक सही चालेल असे, आणि नॉमिनी म्हणून माझं नाव. बाबांचे शेअर ज्यात जमा होतील त्या डिमॅट खात्यावर नॉमिनी म्हणून तुझं नाव. कुठला कागद कशाचा, कधी पैसे येणार, कुणाला फोन करायचा, हे सगळं मी मराठीत एका वहीत लिहीत आहे. तुला जे वाक्य कळणार नाही त्यावर पेन्सिलीनं खूण कर, मी ते पुन्हा लिहीन. आणि दोन लाखांच्या आतलं बाबा काय ते ठरवतील, पण त्याच्या पलीकडचा एक रुपयाही तू वाचून 'हो' म्हटल्याशिवाय हलवायचा नाही. बाबा, एवढं मला वचन द्या.

मी २३ ऑगस्टला, गणपतीच्या आधीच येते. सोमवारी आपण तिघं हेड पोस्टात जाऊ. दोघांचे दोन-दोन फोटो, पॅन आणि आधारच्या झेरॉक्स, कारखान्यानं दिलेलं निवृत्तीचं पत्र आणि पीएफ-ग्रॅच्युइटीचे कागद हिरव्या पिशवीत काढून ठेवा. व्याजातून कर कापू नये म्हणून १५ जी फॉर्मही भरायचा आहे, तो मी आणते. चेकबुक संपलं असेल तर आत्ताच मागवा, यायला दहा-बारा दिवस लागतात.

आई, गुडघ्याला तेल लावतेस ना? पाऊस आहे, परसात चप्पल घालून जा.

तुमची,
स्वाती