पांझरेच्या तळाकडे पाहणारी माणसे हवीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नदीत मासे मरून वर आले की बातमी येते, पाण्याच्या बाटल्या भरून नेल्या जातात, आणि तपासणीचा अहवाल हाती पडेपर्यंत ते पाणी तापीतून उकाई धरणाच्या वाटेला लागलेले असते. आपल्या धुळे-जळगाव-नंदुरबारकडच्या नद्यांबाबत हे इतक्या वेळा घडले आहे, की त्याचे कोणाला नवल वाटेनासे झाले आहे. मासे मरण्याच्या कितीतरी आधी नदी बिघडल्याची खूण तिच्या तळाच्या दगडांखाली सापडते आणि ती ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही, हे मला शाळेत जीवशास्त्र शिकवताना पुस्तकातून ठाऊक होते. प्रत्यक्ष पाहिले ते निवृत्तीनंतर, इंग्लंडमध्ये रेडिंगला मुलीकडे राहायला गेलो तेव्हा.

रेडिंगजवळ केनेट नावाची नदी थेम्सला मिळते. एका रविवारी सकाळी तिच्या पात्रात गुडघाभर पाण्यात उभी असलेली चार-पाच प्रौढ माणसे दिसली. एकाने प्रवाहाच्या खालच्या अंगाला जाळी धरली होती आणि तो बुटाच्या टोकाने तळाचे गोटे ढवळत होता. हे काम घड्याळ लावून 3 मिनिटे चालते, त्यानंतर 1 मिनिट मोठे दगड हाताने उलटून पाहतात. जाळीत आलेले सगळे पांढऱ्या तसराळ्यात ओतून किडे मोजले जातात. ही मंडळी बहुतेक गळ टाकून ट्राउट धरणारे हौशी लोक होती. ट्राउट हा थंड, वाहत्या, प्राणवायूने भरलेल्या पाण्यातला मासा आहे. आपल्याकडे तो इंग्रजांनी काश्मीर-हिमाचलात आणून सोडला, खानदेशच्या उन्हात तो तग धरणार नाही. त्याचे मोठे खाद्य म्हणजे मेफ्लाय, कॅडिसफ्लाय, स्टोनफ्लाय हे नदीकाठचे कीटक, ज्यांची पिल्ले पाण्यात तळाच्या दगडांवर वाढतात. गळाला लावायची खोटी माशीही पिसे आणि दोरा गुंडाळून याच कीटकांसारखी बनवतात, त्यामुळे ते कमी होऊ लागले हे या हौशी लोकांच्या ध्यानात लवकर आले. 2007 पासून तेथे त्यांच्यासाठी रीतसर योजना आहे. एका दिवसाचे प्रशिक्षण, ओळखायचे किड्यांचे आठच गट आणि प्रत्येक ठिकाणासाठी आधीच ठरवून ठेवलेला एक किमान आकडा. मोजणी त्या आकड्याखाली गेली की स्वयंसेवक पर्यावरण खात्याला कळवतो, आणि खात्याने त्याची दखल घ्यायची, असे आधीच ठरलेले असते. मला सर्वांत मोलाची वाटली ती ही शेवटची गोष्ट.

याच केनेटवर जुलै 2013 मध्ये मार्लबरो गावाच्या खाली नेहमीची मोजणी करताना तसराळ्यात जवळजवळ काहीच जिवंत आले नाही. पुढच्या तपासात सांडपाणी प्रक्रिया केंद्रातून आलेले क्लोरपायरीफॉस हे कीटकनाशक सापडले आणि सुमारे 15 किलोमीटर पात्रातले कीटक व गोड्या पाण्यातले झिंगे नाहीसे झाल्याचे दिसले. आपल्या कापूस उत्पादकांना हे औषध वेगळे सांगायला नको. वाळवीपासून बोंडअळीपर्यंत सगळ्यावर ते वापरले गेले आहे. माशाला मारायला लागते त्याच्या फार कमी मात्रेत ते कीटकांना मारते. म्हणजे मासे वर येण्याची वाट पाहत बसले असते, तर हा प्रकार कदाचित कळलाच नसता. आता आपल्याकडे फवारणीचा पंप संध्याकाळी कुठे धुतला जातो, हे ज्याने-त्याने आपल्या गावच्या नाल्यावर जाऊन पाहावे. मी शेतकऱ्याला दोष देत नाही. पंप धुवायला दुसरी जागा आहे कुठे?

परतल्यावर, पाऊस सरून आपल्या धुळ्याच्या पांझरा नदीचे पाणी निवळले तेव्हा, मच्छरदाणीच्या कापडाची जाळी शिवून घेतली, घरातली तामचिनीची जुनी थाळी घेतली आणि पिंपळनेरच्या बाजूला नदीत उतरलो. पहिलाच दगड उलटला तर त्याच्या ओल्या पोटाला चिकटलेली, नखाएवढी चपटी, तीन शेपट्यांची मेफ्लायची पिल्ले सरसरत दुसऱ्या अंगाला गेली. पोटाच्या दोन्ही कडांना कल्ल्यांच्या पाकळ्या एका लयीत हलत होत्या. हा जीव महिनोन्‌महिने पाण्यात काढतो आणि पंख फुटल्यावर त्याला काही खाता येईल असे तोंडच नसते. काही तास, फार तर एक-दोन दिवस, तेवढ्यात जोडीदार शोधून अंडी घालायची. दुसऱ्या दगडावर वाळूचे कण एकमेकांना चिकटवून केलेली, तांदळाच्या दाण्याएवढी नळी होती आणि तिच्यातून कॅडिसची अळी डोके काढून पाहत होती. काठाने जाणाऱ्या एका शेतकऱ्याने थांबून विचारले, "नदीमा काय शोधी राहिनात गुरुजी?" थाळी दाखवली तर म्हणाला, हे तर लहानपणी पायाला चिकटायचे.

त्याच आठवड्यात धुळे शहराच्या खालच्या अंगाला तेच केले. दगड काळ्या चिखलाने माखलेले, वास सहन होईना, आणि थाळीत फक्त लाल अळ्या, त्या मात्र पुष्कळ. त्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असते, म्हणून प्राणवायू जेमतेम उरलेल्या पाण्यातही त्या जगतात. मेफ्लाय एकही नाही. नदी तीच, आठवडा तोच, पण दोन थाळ्या शेजारी ठेवल्या असत्या तर सातवीच्या मुलानेही फरक सांगितला असता.

इंग्लंडची पद्धत जशीच्या तशी इथे चालणार नाही, हे मान्य आहे. तिथल्या नद्या बाराही महिने वाहतात. आपल्याकडे आषाढ-श्रावणात पूर तळ खरवडून नेतो आणि होळीपर्यंत पात्रात डोह तेवढे उरतात, तेव्हा मोजणी कार्तिक ते माघ याच काळात व्हावी लागेल. किमान आकडाही इथल्या नद्यांवर दोन-तीन वर्षे मोजून इथलाच ठरवावा लागेल, आणि वाळूचा उपसा जिथे चालतो तिथे तळच जागेवर नसल्याने मोजायचे काय हा प्रश्न आहेच. पण कीटकांवरून पाण्याची प्रत ठरवणे ही काही परदेशी लोकांची हौस नव्हे. आपल्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचेही असे जैविक निकष आहेत. ते वापरणारे हात गावोगाव नाहीत, एवढेच.

हात मिळतील, याची मला खात्री आहे. ज्या पांझरेवर बंधाऱ्यांचे पाणी पाटाने वाटून घेण्याची फड पद्धत काही शतके चालली, पाट राखायला आणि पाण्याच्या पाळ्या सांभाळायला पाटकरी, जागल्या, हवालदार शेतकऱ्यांनीच नेमले आणि त्यांचा मेहनतानाही शेतकऱ्यांनीच दिला, त्या खोऱ्याला पाण्यावर नजर ठेवणे नवे नाही. नदीकाठच्या शाळा आणि महाविद्यालयांचे राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी आहेत, जाळे टाकणारे भोई बांधव आहेत, त्यांना तर तळाची ओळख माझ्यापेक्षा जास्त आहे. अडते ते पुढे. गेल्या वर्षी एका नाल्याच्या तोंडाशी पाण्याला फेस दिसला आणि त्याच्या खाली दगडांवर काहीच जिवंत सापडेना, म्हणून मी फोटो व नोंदींसह एका शासकीय कार्यालयात गेलो. तेथे मला प्रयोगशाळेचा अहवाल जोडून अर्ज करण्यास सांगण्यात आले. अहवाल मीच आणायचा असेल, तर तपासणी करणाऱ्यांनी काय करायचे, हे विचारण्याचे धैर्य मला त्या दिवशी झाले नाही, ते या पत्रातून विचारतो.

माझी मागणी मोठी नाही. प्रत्येक तालुक्यात नदीवरच्या दोन-तीन जागा ठरवाव्यात, मोजणाऱ्यांना एका दिवसाचे प्रशिक्षण द्यावे, आणि संबंधित यंत्रणेने लेखी मान्य करावे की स्वयंसेवकाने कळवल्यापासून ठरावीक दिवसांत तिचा माणूस त्या जागी येऊन पाण्याचा नमुना घेईल. तोपर्यंत कार्तिकापासून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी मी पांझरेवर असतो. जाळ्या आता दोन आहेत, दुसरी धरायला माणूस हवा आहे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, धुळे