दहावीची पोरे ऊसतोडीच्या फडावर जाऊ नयेत म्हणून आवाहन

सप्रेम नमस्कार.

आपले हायस्कूल कुणाकुणाच्या उपकारावर उभे आहे, ते आधी लिहितो. पत्र्याची गळती थांबली ती १९९८ च्या बॅचमुळे. चाकणला कंपनीत लागलेल्या पोरांनी दिवाळीचा बोनस गोळा करून वीस बाकडी दिली, लोखंडी पायांची, अजून एकही डुगडुगत नाही. खालच्या आळीतल्या आजींनी निराधार योजनेच्या पैशातून बहिर्गोल भिंगे आणि काचेचे ठोकळे घेऊन दिले. दहावीचे प्रात्यक्षिक आजही त्यावरच चालते. फलकावर नाव लावतो म्हटले तर आजी चक्क रागावल्या.

आता अडचण. दसरा झाला की कोयते, म्हणजे ऊसतोडीची जोडपी, सांगली-कोल्हापूरकडे, कर्नाटकात निघतात. उचल (आगाऊ मजुरी) घेतलेली असते, थांबता येत नाही. पोषण आहार आठवीपर्यंतच, हंगामी वसतिगृहही तेवढ्याच मुलांसाठी. मग नववी-दहावीच्या पोराने मागे राहून खायचे काय? म्हणून तेही फडावर जाते. त्रिकोणमिती, महत्त्वमापन, संभाव्यता, सांख्यिकी हे सगळे दिवाळीनंतरचे धडे, नेमके तेच हुकतात. सांख्यिकीचे गुण खरे तर हातचे, पण सारणी दहा वेळा भरून घ्यावी लागते. मुलगी गेली तर परीक्षेला ती येईलच असे नाही, कधी लग्नाची पत्रिकाच येते.

यंदा दहावीत अशी १७ पोरे आहेत. शाळेतच दोन वेळचे जेवण आणि रात्रीची अभ्यासिका ठेवायची आहे. रोज दर मुलामागे ४०० ग्रॅम ज्वारी, ६० ग्रॅम डाळ धरून १२० दिवसांना सव्वाआठ क्विंटल ज्वारी, सव्वा क्विंटल तूरडाळ आणि तेलाचे दोन डबे लागतील. ज्वारी कडक उन्हात वाळवूनच द्यावी, पोत्यात कडुनिंबाचा पाला टाकावा. मागे ओलसर पोती आली, संक्रांतीपर्यंत सोंडे झाले, निम्मी कोंबड्यांपुढे टाकली. इन्व्हर्टरला नवी बॅटरी हवी. जुनीत पाणी वेळेवर भरले गेले नाही, प्लेटा उघड्या पडून गेली. ती चूक आमचीच.

गेल्या वर्षी दोनशे पत्रे टाकली, उत्तरे आली नऊ. जत्रेच्या फ्लेक्सला मात्र एका रात्रीत वर्गणी जमते, असो.

धान्य बाजाराच्या दिवशी शाळेत, रोख कार्यालयात ११ ते ४, पावती घेतल्याशिवाय कुणाच्याही हाती पैसे देऊ नयेत, ८०जीची (देणगीवर आयकर सवलतीची) सोय नाही, मदत दसऱ्याच्या आत पोचावी.

आपला,
सचिव, शाळा समिती