ओवीच्या कॉलेजबद्दल, आई-बाबांना

ती. आई-बाबांना सा. न.

ओवीची फी भरून टाकली. बेंगळुरूचं सेंट जॉन्स मेडिकल कॉलेज पक्कं झालं. तुमच्याशी बोलून मगच भरायची होती, पण प्रवेशाच्या राउंडचा निकाल लागला की जागा धरायला मोजकेच दिवस मिळतात.

बाबा, "मिशनऱ्यांचं कॉलेज" म्हणून तुम्ही गप्प झालात, ते मनात राहिलंय. कॉलेज कॅथलिक बिशपांच्या परिषदेने 1963 साली काढलं, हे खरंच. त्यांच्या समाजातल्या मुलांना जागाही राखीव आहेत. पण 'नीट' ही प्रवेश परीक्षा कुणाला चुकत नाही. सुप्रीम कोर्टाने 2020 मध्ये अल्पसंख्याक संस्थांनाही ती लागू केली. आपली ओवी खुल्या जागेवर, स्वतःच्या मार्कांवर गेलीय. तुम्ही उन्हातान्हात हेलपाटे घालून मिळवलेलं जात पडताळणीचं प्रमाणपत्र तिथे चालत नाही, कारण घटनेच्या कलम 15(5) मधून अल्पसंख्याक संस्था वगळल्यात. ते फेकू नका हं, पीजीला लागेल.

आणि प्रार्थनेचं म्हणाल, तर कलम 28(3) आहे. सरकारमान्य संस्थेत उपासनेला किंवा धर्मशिक्षणाला कुणालाही संमतीशिवाय बसवता येत नाही. मूल अज्ञान असेल तर पालकाची संमती लागते. ओवीला अजून अठरा पूर्ण नाहीत, म्हणजे सही माझी. तुम्ही दिलेला छोटा गणपती तिने सगळ्यात आधी बॅगेत ठेवला.

आई, तुला खटकेल ते वेगळंच, आणि मलाही तेच खटकतं. कॅथलिक रुग्णालयात गर्भपात आणि नसबंदी होत नाही. कळव्याच्या रुग्णालयात तू रोज जे पाहिलंस, ते तिला तिथल्या ओटीत दिसणार नाही. अभ्यासक्रम मात्र सगळीकडे एकच. एमटीपीचा, म्हणजे गर्भपाताचा, 1971 चा कायदा, 2021 ची दुरुस्ती, सगळं तिला वाचावंच लागेल. सुट्टीत आली की तांबी कशी बसवतात ते तूच समजावून सांग. तुझ्यासारखं कोण सांगणार गं?

एमबीबीएसची साडेचार वर्षं, मग वर्षभर इंटर्नशिप, त्यानंतर ग्रामीण सेवेचा बाँड. "पोरीला कुठल्या खेड्यात टाकतील" असं मनात आणू नका. हात तिथेच तयार होतो.

आता ओवी घरात नाही म्हणून रात्री नुसत्या दूध-पोळीवर भागवायचं नाही. बाबा, बीपीची गोळी सकाळीच, आठवेल तेव्हा नाही. शुगर दोन्ही वेळची तपासा, उपाशीपोटी आणि जेवणानंतर दोन तासांनी. पावसात नौपाड्यात पायी भाजीला जाऊ नका, माणूस घरी आणून देतो. शनिवारी नेरुळहून ठाणे लोकल धरून येतेय, रिपोर्ट काढून ठेवा.

तुमची,
मनी