‘शाब’ म्हणणारा वॉचमन कुठून आला? माहिती व प्रसारण मंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्री,
नवी दिल्ली

महोदय,
सादर नमस्कार.

मी घणसोली गावात राहते आणि नवी मुंबईतल्या एका शाळेत सहावीच्या वर्गाला शिकवते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्या भरवशावर दिल्लीला हे पत्र मराठीतच लिहिते आहे.

गेल्या पावसाळ्यात मधल्या सुट्टीत चार-पाच मुलांनी वर्गातल्या एका मुलाभोवती कोंडाळं केलं होतं. त्याचं कुटुंब नेपाळमधून आलेलं, वडील जवळच्या सोसायटीत रात्रपाळीचे वॉचमन. मुलं त्याला सांगत होती, “म्हण ना, ‘शलाम शाब’ म्हण!” तो म्हणत होता आणि सगळ्यांबरोबर स्वतःही हसत होता. हे कुठे ऐकलंत, असं मी मुलांना विचारलं. मोबाइलवर, म्हणाली. जुन्या विनोदी कार्यक्रमांचे कापलेले तुकडे, बहुतेक या मुलांच्या जन्माआधीचे. नंतर त्या मुलाला बाजूला घेऊन विचारलं, “तुमच्या घरी कुणी ‘शाब’ म्हणतं का रे?” तो म्हणाला, “नाही मॅडम. ते टीव्हीतले नेपाळी म्हणतात.”

हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. पालकसभेला त्याची आई आली तेव्हा मी तिचं बोलणं मुद्दाम कान देऊन ऐकलं. ती ‘शाळा’ला ‘साळा’ म्हणत होती. मग थोडं वाचलं, विचारलं. नेपाळीत लिहिताना श, ष, स असे तिन्ही असतात, पण बोलण्यात साधारणपणे एकच ‘स’ ऐकू येतो. म्हणजे नेपाळी माणूस ‘शाब’चा ‘साब’ करील. ‘साब’चा ‘शाब’ करणारा वॉचमन कुणीतरी लिहून काढला, आणि आपण त्याला इतकी वर्षं खरा मानून हसत आलो. नेपाळी ही आपल्याच राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतली भाषा आहे, १९९२ पासून. कोंकणी आणि मणिपुरी तिच्याबरोबरच तिथे आल्या. तिचा एक उच्चारही आपण धड ऐकून घेतला नाही.

त्या मुलाचं हसणं मी ओळखलं, कारण ते मी स्वतः हसले आहे. मी आगरी घरातली. ठाण्याला कॉलेजात जायला लागले तेव्हा मैत्रिणी म्हणायच्या, “तुमच्या भाषेत बोल ना काहीतरी.” गाडीला गारी, घोड्याला घोरा म्हणून दाखवलं की कँटीनमध्ये हशा व्हायचा. त्या मुली वाईट नव्हत्या, माझ्या डब्यातलं सुकट मागून खायच्या. पण टीव्हीवर आगरी बोलणारा माणूस त्यांनी पाहिला होता तो एकाच रूपात: गळ्यात जाड साखळी, जमिनीचा पैसा उधळणारा, हळदीला बेभान नाचणारा, विनाकारण ओरडणारा. बाई असेल तर मासळीची पाटी आणि भांडण. आमची बोली बोलणारा डॉक्टर, मास्तर, वकील त्या पडद्यावर मला तरी दिसला नाही.

हा जमिनीचा पैसा कुठून आला, ते कधी विनोदात आलं नाही. नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी घेतल्या गेल्या. रास्त मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लोक रस्त्यावर उतरले, आणि १९८४ च्या १६ आणि १७ जानेवारीला उरण भागात झालेल्या गोळीबारात पाच जण गेले. त्याच आंदोलनातून पुढे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के इतक्या विकसित भूखंडाचा हक्क मिळाला. माझ्या लहानपणी हे घरात रोज बोललं जायचं, आणि बाहेर आम्ही ‘पैसेवाले आगरी’ होतो.

माझी आई धवलारीण आहे. आमच्याकडे लग्नाच्या विधींना धवले गायचे असतात, ते गाणारी ती धवलारीण, आणि मांडवात तिच्या शब्दाला मान असतो. अशी बाई सोसायटीच्या लिफ्टमध्ये गप्प उभी राहते. गावातून बिल्डिंगमध्ये राहायला आल्यावर शेजारच्या मुलाने तिची नक्कल केली होती, टीव्हीतली. तेव्हापासून ती बाहेर जपून, अर्धंमुर्धं प्रमाण मराठी बोलते. मी समजावायला गेले तर म्हणाली, “आपली भासा काय हसन्याची हाय?” मला उत्तर देता आलं नाही.

महोदय, मी बंदी मागायला आलेले नाही. मला विनोद आवडतो. १९९३ साली दूरदर्शनवर ‘जबान संभालके’ लागायचं तेव्हा आमच्या घरी शेजारीही येऊन बसायचे. पंकज कपूर हिंदी शिकवणार आणि देशभरचे, परदेशचे विद्यार्थी भाषेची मोडतोड करणार. विजू खोट्यांचा विठ्ठल बापूराव पोटे आला की माझे वडील सर्वांत मोठ्याने हसायचे, कारण तो आपला होता. साचे त्यातही होते, सगळ्यांचेच होते. पण त्या वर्गात प्रत्येकाला बाक होता, नाव होतं, उलट बोलायची मुभा होती. फाटकावरच्या वॉचमनला आणि पाटीवालीला इतर विनोदांत यातलं काहीच मिळालं नाही. तो येतो, एक वाक्य बोलतो, हशा होतो, जातो.

त्या मालिकेचं मूळ इंग्रजी, ‘माइंड युवर लँग्वेज’, १९७७ चं. त्याला ब्रिटनमध्ये प्रेक्षक भरपूर होते. तरीही १९७९ मध्ये ती थांबवली गेली, कारण वाहिनीचे अधिकारी मायकेल ग्रेड यांना त्यातले वंशांचे साचे आक्षेपार्ह वाटले. दुसरं उदाहरण तर आपल्या नाशिकजवळचं. १९७४ ते १९८१ या काळात बीबीसीवर ‘इट एन्ट हाफ हॉट मम’ नावाची मालिका चालली. तिची सुरुवात दुसऱ्या महायुद्धातल्या देवळालीच्या छावणीत होते. (त्या छावणीवरून इंग्रजीत ‘डूलाली’ म्हणजे वेडा झालेला, असा शब्दच पडला.) तिच्यातला रंगी राम हा भारतीय नोकर मायकेल बेट्स या गोऱ्या नटाने तोंडाला रंग लावून केला होता. बेट्स झाशीत जन्मलेले, त्यांना उर्दू येत होती, आणि लोकांना ते फार आवडायचे. आज ती मालिका बीबीसी पुन्हा दाखवत नाही. देवळालीच्या माणसाच्या जागी स्वतःला ठेवलं की मला हे बरोबर वाटतं. पण मग माझ्या मनात येतं, की ती कुणी पाहिलीच नाही, तर आपल्याला कोणत्या रूपात दाखवलं गेलं ते माझ्या विद्यार्थ्यांना कळणार कसं?

म्हणून मला जून २०२० मधली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. ‘फॉल्टी टॉवर्स’ या ब्रिटिश विनोदी मालिकेचा १९७५ चा एक भाग एका ब्रिटिश वाहिनीने वंशद्वेषी शब्दांमुळे काढून टाकला, त्यावर वाद झाला, आणि काही दिवसांतच तो सूचनेसह परत ठेवला. भाग लपवला नाही, सूचना दिली.

आपल्या अखत्यारीत हे होऊ शकतं. प्रसार भारतीने नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्यात ‘वेव्हज’ हे ऑनलाइन कार्यक्रम पाहण्याचं व्यासपीठ सुरू केलं आणि दूरदर्शनचा जुना ठेवा लोकांसाठी खुला केला. तो पूर्णच खुला असावा. फक्त ज्या भागात एखाद्या समाजाची, बोलीची खिल्ली आहे, त्याच्या सुरुवातीला कार्यक्रमाच्याच भाषेत तीन-चार ओळी याव्यात: हे कधी केलं, यात काय चुकीचं दाखवलं आहे, खरं काय आहे. ‘काही दृश्यं आक्षेपार्ह असू शकतात’ असं मोघम नको. ‘नेपाळी माणूस असं बोलत नाही’ हे सहावीतल्या मुलालाही समजेल. आणि त्या ओळी त्या समाजातल्याच माणसांकडून लिहून घ्याव्यात.

नवीन कार्यक्रमांसाठी तर नियम आहेच. १९९४ च्या केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियमांतला सहावा नियम सांगतो, की वांशिक, भाषिक, प्रादेशिक गटांचं बदनामीकारक, उपरोधिक किंवा तुच्छतेने केलेलं चित्रण कार्यक्रमात नसावं. २०२१ पासून तक्रारीच्या तीन पायऱ्याही आहेत. माझ्या विद्यार्थ्याच्या वडिलांना यातलं काही माहीत नव्हतं, शिक्षिका असून मलाही नव्हतं. मराठी वाहिन्यांवर ही माहिती मराठीत, ठळक, रोज दिसावी आणि तक्रार मराठीतून घेतली जावी. उपरोध विनोदाला लागतोच, हे मला मान्य आहे. तो दुबळ्याच्या बोलीवर किती आणि कुणाच्या तोंडून, एवढंच पाहिलं जावं.

शेवटची विनंती सह्याद्री वाहिनीसाठी. आगरी, कोळी, वारली, मालवणी बोलणाऱ्यांना त्यांच्या बोलीत बातम्या, शेतीची चर्चा, आरोग्याचा सल्ला देताना दाखवा. विनोदही त्यांनाच करू द्या, ते फार चांगला करतात. आणि धवल्यांचं ध्वनिचित्रमुद्रण करा. आमच्या आळीत धवले पूर्ण पाठ असलेल्या तीनच बायका उरल्या आहेत, त्यातली एक माझी आई. आपली माणसं पाठवायची झाली तर लग्नसराई सुरू होण्याआधी पाठवा. नंतर त्यांचा आवाज बसलेला असतो.

आपली नम्र,
एक शिक्षिका
घणसोली गाव, नवी मुंबई