वेग नुसत्या मशीनचा नव्हता

संपादक महोदय,
सुपरकॉम्प्युटरवरच्या लेखांत क्रे-१ चा १९७६ सालचा वेग तेवढा सांगतात आणि पुढे जातात, पण विमानाच्या पंखावरून वाहणाऱ्या हवेचं गणित त्यावर पळवायला फोरट्रान या प्रोग्रामिंग भाषेतले लूप (तीच कृती पुन्हापुन्हा करणारे भाग) अक्षरशः उलटेपालटे करावे लागायचे, ते कुणी लिहीतच नाही! क्रे-१ च्या व्हेक्टर रजिस्टरमध्ये, म्हणजे एकाच सूचनेत आकड्यांच्या अख्ख्या रांगेवर गणित करायच्या जागेत, एकावेळी ६४ आकडे बसायचे, पण ग्रिडवरच्या, म्हणजे गणितासाठी आखलेल्या बिंदूंच्या जाळीतल्या, एका बिंदूला शेजारच्याचं ताजं उत्तर लागत असेल तर सगळी रांग तिथेच अडते. मग बिंदू बुद्धिबळाच्या पटासारखे काळे-पांढरे वाटायचे, आधी सगळे काळे, मग पांढरे; काळ्याचे शेजारी पांढरेच, म्हणून एका रंगाचे बिंदू एकमेकांसाठी अडत नाहीत. भारीच डोकं! आणि अर्धा वेळ खाणारा भाग जर व्हेक्टरमध्ये बसलाच नाही, तर मशीन कितीही महागडं आणा, वेग दुपटीच्या वर जातच नाही.
– एक वाचक